रेसकोर्सवरून आलेल्या घोड्यासाठी विंटेक : पट्टी बदलणारं खोगीर कुठवर पुरतं?

पुण्यात साधारण जुलै ते ऑक्टोबर आणि मुंबईत नोव्हेंबर ते एप्रिल असा रेसिंगचा हंगाम चालतो. हंगाम सरला की काही थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचे घोडे, शर्यतीतून कायमचे निघतात, आणि त्यातले बरेच रायडिंग क्लबांत किंवा खासगी पागांत येतात. आल्या दिवशी त्यांच्या पाठीला जे खोगीर चपखल बसतं, ते सहा महिन्यांनी त्याच पाठीला बसत नाही. कधी पुढून चिमटतं, कधी विदर्सवर, म्हणजे मानेच्या मुळाशी असलेल्या हाडाच्या उंचवट्यावर, टेकतं, आणि बिचारा घोडा 'वांड' ठरतो. तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळताना चावायला येणं, चढताना पाठ खाली सोडणं, उजवीकडे कँटर, म्हणजे मध्यम दौड, उचलायला नकार देणं, यातलं पुष्कळ काही खोगिराच्या खालूनच सुरू झालेलं असतं.

अशा घोड्यासाठी विंटेक ऑल पर्पज कितपत कामाचं आहे, हे इथे तपासलं आहे. ऑस्ट्रेलियाच्या बेट्स कंपनीशी जोडलेलं हे कृत्रिम साहित्याचं सॅडल. त्याच्या पुढच्या कमानीतली धातूची पट्टी बदलता येते, आणि एवढ्या एका गुणावर ते जगभर विकलं जातं. निर्णय आधीच सांगून टाकतो. रेसिंगमधून आलेल्या घोड्याच्या पहिल्या वर्षासाठी हे सॅडल घ्यावं, मात्र दोन अटींवर. सॅडलचा मूळ सांगाडा, म्हणजे ट्री, त्या पाठीच्या आकाराचा असला पाहिजे. आणि महिन्यातून एकदा पाठ मोजायची कुणाची तरी पक्की तयारी हवी. यातली एक अट जरी मोडली तरी रंगीत पट्ट्यांचा सेट नुसता कपाटात पडून राहतो.

पाठ बदलते म्हणजे नेमकं काय बदलतं

शर्यतीचा घोडा हलक्या एक्सरसाइज सॅडलवर पळवला जातो. स्वार रिकिबीत उभा, वजन पुढे, आणि घोडा ताणून पळणारा. पाठ वर उचलून, मान गोल ठेवून अंग तोलायचं काम त्याला फारसं पडलेलंच नसतं. त्यामुळे विदर्स तलवारीच्या पात्यासारखा वर दिसतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, खांद्याच्या पात्यामागे, खळगे असतात. जुन्या घोड्यांत हे खळगे कधीकधी चुकीच्या सॅडलनेच पडलेले असतात. सतत दाब पडला की तिथला स्नायू झिजतो, आणि दाब जास्त दिवस राहिला तर त्या जागी पांढरे केस उगवतात. पांढरे केस ही जुनी खूण असते. आत्ताचं सॅडल वाईट आहे असं त्यावरून ठरत नाही, पण घोडा विकत घेताना ती जागा बोटांनी दाबून पाहावी.

पहिल्या दोनेक महिन्यांत रेसिंगचा कस उतरतो. खाणं तेवढंच राहिलं तर पोट सुटतं, बरगड्या झाकल्या जातात, पण पाठ तशीच कोरडी, म्हणजे मांस न चढलेली, राहते. नीट काम सुरू झालं की तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून पाठ भरू लागते. आधी विदर्सच्या मागचे खळगे उथळ होतात, मग कण्याच्या दोन्ही बाजूंचे लांब स्नायू वर येतात. पुढे पावसाळा आला की काम कमी आणि हिरवा चारा जास्त, त्यामुळे घोडा गोल होतो. कॉलिकमध्ये (पोटशूळात), तापात किंवा लंगडेपणाच्या सुट्टीत पुन्हा उतरतो. घोडा चार-पाच वर्षांचा असेल तर तो अजून वाढतही असतो.

अर्धा तास नीट काम केल्यावर पाठीचे स्नायू थोडे रुंदावतात, हेही विसरू नये. पागेत थंड घोड्यावर घट्ट बसलेलं सॅडल रिंगणात चिमटायला लागतं ते यामुळे. म्हणून बसवण्याची तपासणी कामाआधी एकदा आणि काम झाल्यावर लगेच एकदा, अशी दोनदा करायची.

घरच्या घरी वजन काढायचं सूत्र बहुतेकांना माहीत असतं. छातीचा घेर गुणिले घेर गुणिले अंगाची लांबी, भागिले ११,८८०, सगळी मापं सेंटिमीटरमध्ये. घेर १८५ आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी १६५ असेल तर साधारण ४७५ किलो येतात. औषध आणि खुराक ठरवायला हा आकडा चांगला, पण सॅडलसाठी त्याच्यावर विसंबू नका. तीस किलो पोटावर चढले तर सॅडलला काहीच कळत नाही. दहा किलो पाठीवर चढले तर पट्टी बदलावी लागते.

मोजायचं कसं

अभियांत्रिकी ड्रॉइंगचं सामान विकणाऱ्या दुकानात ६० सेंटिमीटरची लवचीक कर्व्ह पट्टी मिळते. पुण्यात अप्पा बळवंत चौकात चौकशी केली तरी मिळेल. घोडा सपाट फरशीवर, चारी पाय चौरस, मान साधी पुढे. डोकं खाली गेलं किंवा कुणी गाजर दाखवलं की माप फसतं. खांद्याच्या पात्याची मागची कड बोटांनी शोधा, तिथून दोन बोटं मागे ही पट्टी पाठीवर आडवी दाबून आकार घ्या, अलगद उचलून मोठ्या कागदावर पेन्सिलीने उतरवा. दुसरा आकार सीटच्या मध्याखाली, तिसरा शेवटच्या बरगडीच्या रेषेत. मग विदर्सपासून कमरेपर्यंत कण्यालगत उभा चौथा आकार. डावी-उजवी बाजू लिहा, तारीख टाका. पुढच्या महिन्याचा आकार त्याच कागदावर वेगळ्या रंगाने उतरवला की फरक डोळ्यांना दिसतो. पहिले सहा महिने दर चार आठवड्यांनी, नंतर तीन महिन्यांनी, आणि तीन आठवड्यांच्या वर सुट्टी पडली तर काम सुरू करायच्या आदल्या दिवशी.

बहुतेक घोड्यांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा भरलेला असतो. पट्टी नेहमी मोठ्या खांद्याच्या मापाची घ्यावी आणि लहान बाजूचा खळगा शिमने, म्हणजे पॅडमध्ये घालायच्या पातळ तुकड्याने, भरावा. उलट केलं, म्हणजे लहान खांद्याला धरून पट्टी निवडली, तर मोठा खांदा दर पावलाला सॅडलला ढकलतो आणि सॅडल एका बाजूला फिरत राहतं. स्वाराला वाटतं आपण वाकडे बसतोय.

पट्ट्या : रंग, माप आणि बदलण्याची पद्धत

विंटेकच्या पट्ट्या रंगाने ओळखतात. पिवळी नॅरो, हिरवी मीडियम नॅरो, काळी मीडियम, निळी मीडियम वाइड, लाल वाइड, पांढरी एक्स्ट्रा वाइड. मोजायला कंपनीचं गेज असतं. ते खांद्यामागे धरून सुरुवातीची पट्टी ठरते, आणि ते सुरुवातीपुरतंच खरं मानावं. रेसकोर्सवरून नुकताच आलेला थरोब्रेड बहुधा काळीवर, क्वचित हिरवीवर सुरू होतो, आणि पाठ भरली की निळीकडे जातो. तीन रंग हाताशी असले की या घोड्यासाठी पुरे. पूर्ण सेट घ्यायची घाई नको.

एका कंपनीची मीडियम ही दुसऱ्या कंपनीची मीडियम नसते, हे इथेच सांगायला हवं. कुणी टोकांमधलं अंतर मोजतं, कुणी पुढच्या दोन खिळ्यांमधलं, कुणी कोन. जुन्या सॅडलवर 'एम' लिहिलंय म्हणून काळी मागवली, असं करू नका.

पट्टी बदलायला यंत्र लागत नाही, साधा स्टार स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. सॅडल घडी घातलेल्या घोंगडीवर उलटं ठेवा, पुढची बाजू आपल्याकडे. पॅनेलचा, म्हणजे खालच्या गादीचा, पुढचा भाग ज्या स्क्रूंनी धरलेला असतो ते सोडवा आणि गादी सांगाड्यापासून पुढून मोकळी करा. आत कमानीला दोन्ही बाजूंनी स्क्रूने बसवलेली पट्टी दिसते. गादीचे स्क्रू एका वाटीत, पट्टीचे दुसऱ्या वाटीत ठेवा. ते एकमेकांच्या जागी गेले की एक तर पकड येत नाही, नाही तर टोक जिथे टोचायला नको तिथे टोचतं. नवी पट्टी बसवताना सगळे स्क्रू आधी हाताने दोन-तीन आटे फिरवून घ्या, सगळे सरळ बसलेत याची खात्री करा आणि मगच आवळा. एक बाजू पूर्ण आवळून दुसरीकडे गेलात तर छिद्रं जुळत नाहीत, विशेषतः दोन मापं ओलांडून पट्टी बदलत असाल तेव्हा. अशा वेळी दुसऱ्या माणसाने कमान हाताने थोडी फाकवून किंवा दाबून धरली की काम सोपं होतं. ड्रिल मशीन लावू नका. आटे एकदा गेले की सांगाड्याची ती बाजू कायमची ढिली.

गादी परत बसवताना सांगाड्याची टोकं तिच्या खिशांत नीट गेलीत ना, हे हात घालून पाहा. पुढे सुरकुती दिसली किंवा एक बाजू फुगीर वाटली तर उघडून पुन्हा बसवा. पहिल्या स्वारीनंतर स्क्रू एकदा तपासा. चालताना टक-टक आवाज येत असेल तर पट्टी पूर्ण बसलेली नाही.

पट्टी बदलली की तोल बदलतो

मोठी पट्टी घातली की पुढची कमान रुंद होते आणि सॅडल पुढून खाली उतरतं. सीटचा सर्वांत खोल भाग मध्यावर होता, तो पुढे सरकतो, स्वार पुढे घसरतो, आणि सगळं वजन विदर्सच्या मागे येतं. लहान पट्टी घातली की याच्या उलट होतं. पुढचा भाग वर उचलला जातो, स्वार मागे कँटलकडे, म्हणजे सीटच्या मागच्या उंच कडेकडे, जातो, आणि सॅडलची मागची कड कमरेत रुतते. म्हणजे नुसती पट्टी बदलून सॅडल 'फिट' झालं असं समजणाऱ्याने घोड्याला आगीतून काढून फुफाट्यात टाकलेलं असतं.

यासाठी विंटेककडे रायझर आहेत. गादी आणि सांगाडा यांच्यामध्ये सरकवायच्या या पाचरी पुढचा किंवा मागचा भाग थोडा उचलतात. पट्टी आणि रायझर ही जोडी एकत्र वापरली तरच या सॅडलचा पैसा वसूल होतो. दुकानदार पट्ट्यांचं कौतुक करतात आणि रायझरचं नावही काढत नाहीत, हे ग्राहकाने लक्षात ठेवावं.

काही मॉडेलमध्ये गादीत लोकरीऐवजी हवेच्या बंद पिशव्या असतात, कंपनी त्यांना केअर म्हणते. सपाट, एकसारख्या भरलेल्या पाठीवर त्या छान बसतात. बदलणाऱ्या पाठीवर त्यांची अडचण अशी की हवा कमी-जास्त करता येत नाही आणि गादीत एका जागी भर घालता येत नाही. पिशवीला भोक पडलं तर ती बदलावीच लागते. म्हणून त्या सॅडलवर सेफ्टी पिन, दाभण किंवा नंबर लावायचा खिळा चुकूनही टोचू नये. पाठीला डावं-उजवं फार वेगळं असेल तर हवेपेक्षा भरण्याची गादी असलेलं सॅडल घ्या. मॉडेलची नावं बदलत राहतात, त्यामुळे गादीत नेमकं काय आहे हे विकत घेताना स्पष्ट विचारून घ्यावं.

पट्टीने काय बदलत नाही

या सॅडलबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. पट्टी फक्त पुढची रुंदी आणि कोन बदलते. सांगाड्याचा पुढून मागे जाणारा बाक, सीटखालची रुंदी, दोन गाद्यांमधल्या खाचेची रुंदी आणि सांगाड्याची लांबी, हे सगळं जसंच्या तसं राहतं. म्हणून खरेदी करताना आधी हेच बघायचं, पट्टीचा रंग नंतर.

सॅडल पॅडशिवाय पाठीवर ठेवा. खांद्याच्या पात्याच्या थोडं पुढे ठेवून मागे सरकवत आणा, जिथे आपोआप थांबेल ती त्याची जागा. घोड्याला बरगड्यांच्या १८ जोड्या असतात, आणि सॅडलचा भार शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये. बोटांनी शेवटची बरगडी शोधून तिथून कण्यापर्यंत खडूने रेघ ओढा, म्हणजे वाद राहत नाही. थरोब्रेडच्या उंच विदर्समुळे पाठ लांब वाटते, पण सॅडलसाठी उरलेली जागा बरेचदा कमी असते. १८ इंच सीटचं सॅडल स्वाराला आरामाचं आणि घोड्याला लांब, असं सर्रास होतं.

मग मधली खाच पाहा. मागून वाकून आरपार उजेड दिसला पाहिजे आणि तीन ते चार बोटं पुढपासून शेवटपर्यंत मावली पाहिजेत. स्वार बसल्यावर विदर्सवर दोन-तीन बोटांची जागा उरायला हवी. वरचीच नव्हे, बाजूचीही.

आता हात. तंग लावलेला, स्वार वर बसलेला. आपण घोड्याच्या डावीकडे उभे राहून उजवा तळवा सपाट करून पुढच्या फ्लॅपखाली, गादी आणि खांदा यांच्यामध्ये, वरून खाली सरकवायचा. दाब वरपासून खालपर्यंत सारखा लागला पाहिजे. वर मोकळं आणि खाली टोक रुततंय, तर कमान अरुंद आहे. वर घट्ट आणि खाली सैल, तर रुंद आहे. हात तसाच ठेवून मोतद्दाराला घोड्याचा पुढचा पाय गुडघ्याखाली धरून सावकाश पुढे ताणायला सांगा. खांद्याचं पातं मागे येऊन बोटांवर सरकतं. बोटं चेंगरली तर धावताना घोड्याला दर पावलाला तेच होतंय. ही चाचणी दोन मिनिटांत होते, आणि या एका चाचणीने जेवढं कळतं तेवढं बाकीच्या सगळ्यांनी मिळूनही कळत नाही.

त्यानंतर हात गादीखालून मागेपर्यंत न्या. मध्येच बोटांचा दाब सुटला आणि पुढे-मागे घट्ट लागलं तर सॅडल पुलासारखं फक्त दोन टोकांवर टेकतंय. फट बोटाच्या टोकाएवढी असेल तर शिमने भरते. पूर्ण बोटं आत जात असतील तर त्या सांगाड्याचा बाक या पाठीचा नाही. कोणत्याही रंगाची पट्टी घातली तरी ते सॅडल परत करा.

पाहून-दाबून समाधान झालं नाही तर पातळ पांढरं सुती कापड पॅडच्या जागी अंथरून वीस मिनिटं ट्रॉट आणि कँटर करा. कापडावर मळाचा आणि घामाचा ठसा उमटतो. दोन्ही बाजूंना सारखा, सलग पट्टा हवा. मध्ये कोरं राहिलं तर पूल झालाय, पुढे गडद ठिपका असेल तर टोक रुततंय. अंगावर घामात कोरडा राहिलेला डाग मात्र जपून वाचावा. तिथे दाब जास्त असू शकतो किंवा सॅडल टेकतच नसेल. हात घालून ठरवा.

शिम आणि पॅड

थोड्या कोरड्या पाठीच्या घोड्यासाठी एक जुनी आणि खात्रीची पद्धत अशी आहे. सॅडल पाठीपेक्षा एक माप रुंद लावायचं आणि खळगे शिमच्या हाफ पॅडने भरायचे. दोन्ही बाजूंना पुढे, मध्ये, मागे खिसे असलेला पॅड घ्या. फोम किंवा फेल्टचे पाच-आठ मिलिमीटरचे तुकडे, कडा तिरक्या कापून निमुळत्या केलेले. सरळ कापलेली कड पाठीवर रेघ उमटवते. खळगे भरत आले की शिम काढत जायचे, आणि सॅडल पाठीला जागा देतं. स्नायू वाढायला जागा लागते, घट्ट सॅडलखाली तो वाढतच नाही. पहिल्या वर्षात किंचित रुंद सॅडल शिमसह वापरणं हे नेमकं सॅडल रोज बदलत बसण्यापेक्षा घोड्याला मानवतं, असं आमचं मत आहे.

याची दुसरी बाजू पण आहे. नीट बसलेल्या सॅडलखाली जाड जेल पॅड, त्यावर मेंढीच्या लोकरीचा पॅड, त्यावर क्विल्टचा नमदा, असं रचत गेलं की सॅडल अरुंद होतं. घोड्याला मऊ वाटावं म्हणून केलेला खर्च त्याच्या खांद्यालाच चिमटे काढतो. पॅड वाढवायचा तर पट्टी वाढवायची, हा हिशेब पक्का ठेवा. पॅड विदर्सवरून ताणून न ठेवता खाचेत वर उचलून ठेवावा, हे सांगायची गरज पडू नये, पण रोज पडते.

आपल्या हवेत

कोकणात, मुंबईत, पुण्याच्या पश्चिमेला जून ते सप्टेंबर चामड्याच्या सॅडलवर आठवड्यात बुरशी येते. रोज पुसणं, वारा, महिन्यातून दोनदा तेल किंवा बाम, आणि तरीही टाके कुजतात. विंटेकचं कृत्रिम साहित्य पाण्याने आणि सौम्य साबणाने धुता येतं आणि सावलीत वाळतं. वजनाला हलकं असल्याने लहान मुलंही उचलून ठेवू शकतात. या एका कारणासाठीसुद्धा किनाऱ्यावरच्या पागांनी त्याचा विचार करावा. उन्हात वाळत घालू नका. आणि पॅड मात्र सुतीच वापरा, कृत्रिम गादीखाली कृत्रिम पॅड घातला तर घामाने पाठ सोलवटते.

दुसरे पर्याय

इंग्लंडच्या वॉल्सॉलचं थोरोगुड हे थेट प्रतिस्पर्धी. पुढची पट्टी त्यातही बदलते, पण त्यांचा जास्त मोठा गुण म्हणजे सांगाडा मुळातच वेगवेगळ्या पाठींसाठी वेगवेगळा बनवतात, आणि त्यात उंच विदर्सच्या घोड्यांसाठी खास 'हाय विदर' आहे. रेसकोर्सवरच्या घोड्यासाठी दोन्ही एकाच किमतीत समोर आली तर आम्ही हाय विदर थोरोगुडच आधी पाठीवर ठेवून पाहू. रुंद, सपाट पाठीच्या घोड्याला मात्र विंटेकची वाइड मालिका जास्त बरी.

कानपूर हे भारतातल्या खोगिरांचं मोठं केंद्र, आणि लोकर भरलेलं चांगलं कानपुरी चामडी सॅडल आजही अनेक पागांचा कणा आहे. लोकरीच्या गादीत जिथे हवी तिथे भर घालता किंवा काढता येते, हा तिचा मोठा फायदा. मर्यादा अशी की पुढची रुंदी बदलत नाही. पाठ अर्ध्या मापाने बदलली तर कारागीर सांभाळून घेतो, दोन मापांनी बदलली तर नाही. घेताना गादी अंगठ्याने दाबत पुढून मागे जा. गाठी लागल्या तर भरण निकृष्ट आहे आणि दोन महिन्यांत त्या दगड होतील. कँटल पोटाशी धरून पोमेल, म्हणजे सीटचा पुढचा उंचवटा, आपल्याकडे ओढा. चुरचुर आवाज आला किंवा मध्ये दुमडलं तर सांगाडा मोडलाय. मागून डोळ्याच्या रेषेत धरा, दोन्ही गाद्या एका उंचीच्या दिसल्या पाहिजेत. नवी लोकर पहिल्या दोन-तीन महिन्यांत बसते, तेव्हा एकदा भरण तपासून घ्यावंच लागतं.

बदलणाऱ्या पाठीचा हा प्रश्न जुना आहे आणि घोडदळाने तो आपल्यापेक्षा आधी सोडवला होता. १९१२ च्या युनिव्हर्सल पॅटर्न लष्करी खोगिरात पोलादी कमानी आणि बाजूच्या फळ्या यांचा सांधा हलता ठेवलेला होता, त्यामुळे फळ्या पाठीच्या कोनाप्रमाणे आपोआप फिरायच्या. मोहिमेवर घोडा वाळला की खालच्या घोंगडीची घडी बदलून जाडी वाढवायची. आजचा शिम पॅड म्हणजे तीच घोंगडी. लांब चालीच्या, डोंगरवाटेच्या स्वारीसाठी अशी खोगिरं अजून काहीजण वापरतात, पण उड्या आणि ड्रेसाजसाठी ती नाहीत.

सांगाडाच नसलेली ट्रीलेस सॅडल बदलणाऱ्या पाठीला उत्तर म्हणून सुचवली जातात. उंच विदर्स आणि कोरडा कणा असलेल्या थरोब्रेडला ती देऊ नका. स्वाराचं वजन पसरवायला सांगाडा नाही, मधली खाच पॅडवर अवलंबून, आणि रिकिबीत उभं राहिलं की सगळा भार रिकिबीच्या पट्ट्याखाली गोळा होतो. रुंद, भरलेल्या पाठीवर, हलक्या स्वाराला, चालीपुरतं ठीक.

क्लबांसाठी वेगळा इशारा

पट्टी बदलते म्हणून एकच विंटेक चार घोड्यांना, हा मोह क्लबांना होतोच. सोमवारी काळी, बुधवारी लाल. आठवड्यात दोनदा उघडझाप केली तर स्क्रूंचे आटे वर्षभर टिकत नाहीत, आणि चार पाठींचा बाक एकसारखा नसतो. एका घोड्याला एक सॅडल, आणि पट्टी त्याच्या अंगानुसार वर्षातून दोन-तीनदा, एवढाच या सोयीचा हेतू आहे. परवडत नसेल तर सारख्या बांध्याचे दोन घोडे एका सॅडलवर ठेवा, आणि दोघांचे शिम पॅड नावं घालून वेगळे ठेवा.

स्वाराचं वजनही इथेच धरावं. सॅडलसह घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत. ४५० किलोच्या घोड्यावर ९० किलो ही वरची मर्यादा झाली, रोजचा आकडा नव्हे. पाठ कोरडी असताना ती आणखी खाली आणा.

जुनं विंटेक घेताना

जुनी विंटेक आपल्याकडे हातोहात विकली जातात, आणि त्यात फसायला भरपूर जागा आहे. गादी पुढून उघडून दाखवा असं विक्रेत्याला सांगा. आत गंज असेल, एखादा स्क्रू नुसता फिरत असेल किंवा भलत्याच मापाचा असेल तर पुढे जाऊ नका. पट्टी कोणत्या रंगाची आहे ते डोळ्यांनी पाहा, तोंडी माहितीवर जाऊ नका. हवेची गादी असेल तर सॅडल उलटं ठेवून दोन्ही बाजू एकाच वेळी तळव्याने दाबा. एक बाजू लवकर बसली तर तिची हवा गेली आहे. तंगाचे पट्टे वरच्या टाक्यापाशी ओढून पाहा, कृत्रिम पट्टा तिथेच उसवतो. ट्रीची पोमेल-कँटल चाचणी कानपुरी सॅडलसारखीच करा. आणि व्यवहार करण्याआधी सॅडल दोन दिवस पागेत ठेवायची मुभा मागा, कामाआधी आणि कामानंतर हात घालून पाहायला. ती मुभा न देणाऱ्याकडून, किंमत कितीही उतरली तरी, घेऊ नये.